ऊन चढल्यावर

भर दुपारी सिलिंडर घेऊन आलेला माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, स्वेटर अजून अंगातच? घामानं भिजलात की."

पहाटे नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत घातला होता. ऊन हळूहळू चढत जातं, अंगाला ते पटकन कळत नाही. माझी बायको मालती होती तेव्हा दहाच्या सुमारास स्वयंपाकघरातून हाक यायची, "काढा आता तो." मी कुरकुरत काढायचो. इतकी वर्षं दिवस तापल्याचं मला तीच सांगत होती, हे आज कळलं.

"बस ना, चहा टाकतो," मी त्याला म्हटलं.

"अजून बरीच घरं आहेत, काका," म्हणत तो जिना उतरला. मी दार थोडा वेळ उघडंच ठेवलं.