आजी, तुम्ही हलला नव्हतात

नाव सोडून मी तिला सगळं विचारलं. गरोदर नातसुनेला ग्रहण पाळायला लावायचं म्हणून मी कोपरगावहून केडगावला निघाले होते, आणि ही पोरगी एसटीत शेजारी बसली होती. बोलताना समोरच्याचं मनगट चाचपायची तिची खोड.

"आजी, आम्ही प्रयोगशाळेत उंदरांचं एखादं जनुक बदलतो. मग पिल्लांच्या पायांची हाडं कधी आखूड होतात, कधी वाकडी." करंगळीच्या नखावर तिनं तो पाय मोजूनही दाखवला.

"त्यांच्या आयांनी ग्रहण पाळलं नसेल!"

ती एवढी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं. "तुम्ही पाळलं होतं?"

पाळलं होतं म्हणजे काय! चिरणं-कापणं सोडाच, डास चावला तरी न खाजवता मी बावळट पुतळ्यासारखी बसले होते. तरी थोरल्याचा अंगठा वाकडाच निघाला. सासूबाई म्हणाल्या, "हलली असशील." मलाही जन्मभर तसंच वाटत आलं.

तिनं माझं मनगट धरलं. "पोटात हाडं घडताना होतं असं कधी कधी. तुम्ही हलला नव्हतात, आजी. आणि हलला असतात तरी काही बिघडलं नसतं."

ग्रहण लागलं तेव्हा नातसुनेनं भीत भीत विचारलं, "आजी, कुठे बसू?"

"बसतेस कशाला? भेंडी चिरायची आहे."