आबांनी देऊन टाकलेले लायसन

मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत बसलेले नाही. तेव्हा छापण्यासाठी काही लिहावे हे माझे धाडसच आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण या हकीकतीत माझी एक चूक आहे, आणि ती माझ्यावाचून दुसरे कुणी सांगणार नाही.

आमचे वडील, म्हणजे आबा, वळसंगचे. आधी बैलगाडी हाकत. मग सोलापुरात एका मोटारवाल्याकडे राहून मोटार शिकले, आणि पुढे एक जुनी सर्व्हिस मोटार त्यांनी स्वतःच घेतली. सोलापूर ते अक्कलकोट अशी ती जाई. मोटारीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत जागेवरून भांडणे होत, आणि आबा चारही भाषांत "सरकून बसा" म्हणत. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसत असे. रस्त्याने पेट्रोलचा वास आला की मला अजून ती पुढची बैठक आठवते, आणि भोंग्याचा रबरी फुगा दाबायला मिळावा म्हणून केलेला हट्टही.

मी मॅट्रिकला असताना मोटार फारच खिळखिळी झाली, म्हणून आबांनी ती निजामाच्या मुलखातल्या एका व्यापाऱ्याला विकली. सौदा चार माणसांदेखत झाला. बैल विकला की आमच्याकडे दावे बैलाबरोबर जाते. त्याच रीतीने आबांनी जॅक, हँडल आणि स्वतःचे लायसनही व्यापाऱ्याला द्यायला काढले. आधी ते मला दाखवून म्हणाले, "हितं काय लिवलंय बघ रं. द्याला काय हरकत न्हाय न्हवं?"

कागद सगळा इंग्रजी. निम्मे शब्द मला कळले नाहीत, पण चार माणसांत तसे म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "काही हरकत नाही, आबा."

हरकत होती. लायसन मोटारीचे नसते, माणसाचे असते.

हे कळले ते एका मालकाने नवी बस घेतली तेव्हा. आबांना तो ड्रायव्हर म्हणून ठेवायला तयार होता, फक्त लायसन दाखवा म्हणाला. आम्ही व्यापाऱ्याचा शोध घेतला, तर त्याने मोटार कागदांसकट पुढे विकली होती. कुणाला, ते त्यालाही धड सांगता येईना. मग आबा मला घेऊन लायसनच्या कचेरीत गेले.

"हरवलं असं लिहून द्या, नवीन मिळेल," कारकून म्हणाला.

"हरवलं न्हाय, सायब. मी हातानं दिलंय."

"अहो, पण लिहायचं तसंच असतं."

"चार माणसांदेखत दिलंय की. आता हरवलं म्हनलं तर त्या चौघांना काय तोंड दावू?"

"मग नियमात बसत नाही. या आता."

मालकाने दिवाळीपर्यंत जागा राखायचे कबूल केले. तोवर आबा त्याच बसवर क्लीनर झाले. ओळखीचे उतारू टोमणे मारीत, "काय आबा, आता मागं लटकायची पाळी व्हय?" आबा म्हणत, "मागनं रस्ता लई झ्याक दिसतोय. तुमीबी या की!" सगळे हसत. मला हसू येत नसे.

त्या जूनमध्ये मी पुण्याला कॉलेजात जाणार होतो. निघण्यापूर्वी मी आबांच्या नावाने अर्ज लिहिला आणि आमच्या भागातून कायदे कौन्सिलात निवडून गेलेल्या वकीलसाहेबांकडे नेला. वाचून ते आधी हसले. मग म्हणाले, "असे आणखी कुणी आहेत का, बघ." मी स्टँडवर हिंडलो. दोघे निघाले. त्यांचेही अर्ज मी लिहून दिले. एकाने तर मोटारीबरोबर लायसन जावयाला देऊन टाकले होते.

पावसाळ्यात कौन्सिल पुण्यात भरले. वकीलसाहेबांनी मला गॅलरीचा पास दिला. लायसनवरच्या अटी मराठी-कानडीत छापणार काय, आणि नकळत लायसन देऊन बसलेल्यांची काय सोय, असे त्यांनी विचारले. उत्तर वाचून दाखवण्यात आले: पहिल्या गोष्टीचा विचार चालू आहे, दुसऱ्या प्रकारची उदाहरणे सरकारला ठाऊक नाहीत.

"माझ्या हातात तीन आहेत," वकीलसाहेब अर्ज उंच धरून म्हणाले. "आता ठाऊक झाली ना?"

हशा झाला. "चौकशी करू," असे उत्तर आले. मी वर कठडा घट्ट धरून बसलो होतो.

दिवाळीला घरी गेलो, तरी चौकशीचा पत्ता नव्हता. मालकाची मुदत सरत आली होती. मी आबांना म्हणालो, "एकदा हरवलं म्हणून लिहा ना." आणि त्याच दमात, त्या दिवशी मला कागद कळला नव्हता हेही सांगून टाकले.

 आबा म्हणाले, "तवाच म्हनायचं न्हाय व्हय, येड्या?" आणि थोड्या वेळाने, "तितं कौन्सिलात खरं सांगितलंय आपन. आता हितं खोटं कसं लिवू?"

मुदत संपली. मी पुण्याला परत आलो.

पौषात वकीलसाहेबांचे कार्ड आले. लिहिले होते: "चौकशी झाली. जे खरी हकीकत लिहून देतील त्यांना नवीन लायसन द्यावे, असा हुकूम निघाला आहे. अटी मात्र अजून इंग्रजीतच आहेत. पुढच्या बैठकीत पुन्हा विचारीन. तुझ्या वडिलांना सोमवारी लायसन मिळाले. बसची जागा गेली ती गेलीच. पण होटगी स्टेशनवर एका माल-लॉरीला माणूस हवा होता. काल ते पहिली खेप घेऊन गेले."