सोयाबीनच्या अलीकडं

बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा माझी होती. शॉर्टस्टॉप. जमिनीलगत आलेला चेंडू उचलायचा आणि लगेच फेकायचा. धाराशिवच्या कॉलेजात येईपर्यंत मी हा खेळ बघितलाही नव्हता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ती जागा मला कुणी दिलेली नव्हती, मी मिळवलेली होती.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर आली आणि आमचे खेळाचे सर म्हणाले, "उद्यापासून तू आऊटफिल्डला, लांब मैदानाच्या टोकाला. तुझी फेक लांब जाते."

गावात क्रिकेट खेळताना ज्याला काहीच येत नाही त्याला लांब उभा करतात. मी म्हणाले, "सर, तिथं निवडणाऱ्यांना मी दिसणार कशी?"

"दिसशील. उभी तर रहा."

मैदानाला त्या टोकाला कुंपण नव्हतं. शेजारच्या शेतातली मावशी तिथं ताडपत्रीवर सोयाबीन वाळवायची. सर तिला ताडपत्री हलवा म्हणून सांगायला गेले, तर ती म्हणाली, "तुमचा खेळ बारा म्हैने हाय, मला ऊन चारच दिस घावतंय." सर परत आले.

पहिल्याच सरावात चेंडू माझ्या डोक्यावरून त्या सोयाबीनमध्ये गेला. मी पळत गेले, ताडपत्रीपाशी थांबले आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. धान्यावर पायताणानं जायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की विचारसुद्धा केला नाही. तोवर मारणारी पोरगी सगळे बेस फिरून 'घरी', म्हणजे जिथून मारलं त्या बेसवर, पोचली. पोरी पोट धरून हसल्या.

सर ओरडले, "देवळात आलीस का गं?"

"सर, धान्य हाय ते."

"निवडीच्या दिवशी असंच कर आणि घरी बस!"

"बसंन. पण बुटानं जाणार न्हाय."

सरही शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांना कळत होतं, म्हणून जास्तच चिडले.

मग मी एकच ठरवलं. चेंडू सोयाबीनपर्यंत पोचूच द्यायचा नाही. रोज तासभर आधी यायचं, मैत्रिणीला उंच मारायला लावायचं, आणि ताडपत्रीकडं पाठ करून झेलायचं. बॅटच्या आवाजावरून कळायला लागलं, हा जवळ पडणार, हा लांब जाणार. मावशी बसल्या बसल्या चिडवायची, "पोरी, राखणीला ठिवलंय व्हय तुला?"

"व्हय मावशी. मजुरी तेवढी द्या."

निवडीचा सामना आमच्याच मैदानावर झाला, त्यात माझ्याकडं चार चेंडू आले. चारही हवेतच घेतले. शेवटच्याला टाच ताडपत्रीच्या कडेला लागली होती. तिथूनच घरच्या बेसकडं फेकला, आणि तिसऱ्या बेसवरून पळत सुटलेली पोरगी बाद.

संध्याकाळी यादीत माझं नाव आलं. माझ्या जुन्या जागेवर खेळलेल्या पोरीचे दोन चेंडू सुटले होते, तिचं आलं नाही. सर जवळ आले. "स्पर्धेला तुला परत शॉर्टस्टॉपला घेऊ म्हणतो. मी बोलतो निवडणाऱ्यांशी."

पंधरा दिवसांपूर्वी हेच ऐकायला मी त्यांच्या पाया पडले असते.

"नका बोलू सर," मी म्हणाले. "तुम्हीच उभं केलंय मला तिथं. आता मी हलत न्हाय."

मग बूट काढले आणि ताडपत्रीबाहेर सांडलेलं सोयाबीन मावशीबरोबर गोळा करायला गेले.