तीर्थाची पळी

त्या आठवड्यात माझा दत्तगुरूंवरचा विश्वास डळमळला होता, हे आधीच कबूल करते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुलुंड पूर्वेला आमचा लहानसा वृद्धाश्रम होता. ऐन उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली आणि एकेक जण अंथरुणाला खिळला. स्वयंपाकाच्या बाई आजारी, नातेवाइकांच्या भेटी बंद. मी तेवढी धडधाकट उरले, म्हणून सगळ्यांना हुकूम सोडत फिरत होते. जन्मभर शाळेत शिकवल्याची खोड, दुसरं काय!

माझ्या खोलीतली मनूताई तर पार गळून गेली. जुलाबात पाणी दिलं की दुखणं आणखी वाढतं, असं आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. म्हणून मी तिच्या उशाचा तांब्याच काढून ठेवला आणि शेजारी जप करत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी ठणठणीत पडली. डॉक्टर संध्याकाळशिवाय येणार नव्हते. "महाराज, आहात की नाही?" असं मी तसबिरीला रागानंच विचारलं आणि फाटकाशी जाऊन रडले.

फाटकाबाहेर हिराबाई टोपली टेकून बसली होती. ती खाडीकडच्या कोळीवाड्यातली, शेजारच्या इमारतींत मासळी विकायची. आमचा आश्रम शाकाहारी. तिला फाटकाच्या आत घ्यायचं नाही, हा नियम मीच केलेला.

"काय झाला गो आजी? रडतेस कशाला?"

मी सगळं सांगितलं.

"पानी दिला का तिला?"

"बंद केलंय."

"मग मारतेस का काय तिला!" म्हणत ती टोपली तिथंच टाकून आत आली. त्यांच्या वाड्यात साथ आली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं म्हणे. हात खसाखसा धुऊन तिनं उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ कालवलं आणि मला चाखायला लावलं. "डोल्यांच्या पान्यापेक्षा खारट नको." त्या दिवशी ती चव माझ्या तोंडात होतीच.

पण मनूताई ओठ उघडेना. "उलटी होते गं, नको. जाऊ दे मला," एवढंच पुटपुटत राहिली.

"घोट नको, जरा जरा दे," हिराबाई म्हणाली. माझी नजर देव्हाऱ्यातल्या पळीवर गेली. पूजेची पळी, आणि मासळी विकणाऱ्या हातात? माझं मन क्षणभर अडलं, त्याची आजही लाज वाटते. मग मीच ती उचलून तिला दिली. पळी दिसताच मनूताईनं सवयीनं उजवा तळवा पुढे केला. तीर्थाला तिनं जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. एक पळी गेली, मग दुसरी. हिराबाई दिवेलागणीपर्यंत जागची हलली नाही. बाहेर तिची मासळी उन्हात वाया गेली, तिनं एकदाही तिकडे वळून पाहिलं नाही. एवढं मोठं मन मी माझ्यासारख्या जप करणाऱ्यांत पाहिलेलं नाही. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात गेलं म्हणून वाचल्या.

हा चमत्कार होता का, यावर मी वाद घालत नाही. महाराज रोज फाटकापर्यंत येत होते आणि मी त्यांना नियम सांगत होते, एवढं मला कळलं.

पुढच्या गुरुवारी पूजेनंतर मी हिराबाईला आत बोलावलं. मनूताई भिंतीला टेकून बसली होती. "हाताला वास हाय गो," हिराबाई संकोचली. तीर्थ वाटायचा मान आश्रमात कायम माझा. मी पळी तिच्या हातात दिली आणि माझा तळवा तिच्यापुढे धरला.