लाभ, दोन, तीन

आमच्या लॅबमधल्या सुमनताई रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी मोजतात. मशीन नळीभर रक्तातून संशयित पेशी वेगळ्या काढून पडद्यावर दाखवतं. त्यातली खरी कोणती, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. ताईंच्या वडिलांची धान्याची आडत होती. तिथे माप मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. त्यामुळे पहिली पेशी दिसली की ताई मोठ्यांदा म्हणतात, "लाभ." मग दोन, तीन.

मी पूर्वी हसायचे. आता वाटतं, जिभेला काय पडलंय? ज्वारी असो की मरण, रास वाढली की तिला पुरे. आणि त्या पेशी तरी निराळं काय करतात? वाढतात. बियाणं म्हणून त्यांच्यात काही खोट नाही.

परवा रिपोर्टच्या खिडकीशी एक म्हातारे उभे होते. जन्मभर बाजार समितीत मापाडी. आत तुमच्या बायकोचीच नळी चालू आहे, हे मीच त्यांना सांगितलं. आतून "लाभ" ऐकताच त्यांचा चेहरा उजळला आणि ताईंबरोबर तेही बोटं मिटू लागले. दहा बोटं संपली तरी ताई थांबेनात.

"मागच्या खेपेला दोनच भरल्या होत्या," ते मला म्हणाले. "आता बरकत आहे ना, बाई?"

सांगायचं काम डॉक्टरांचं, असा नियम आहे. मी नियमाआड लपले आणि हो म्हणून मान हलवली. ते हात जोडून गेले.

पुढच्या पेशंटच्या पेशी पडद्यावर आल्या.

"लाभ," ताई म्हणाल्या.