पूल फार्मची घोडवाट

एव्हिस प्रॉसर सोळा वर्षांची असताना तिच्या बापानं तिचा डावा तळहात चुलीच्या तापलेल्या लोखंडावर दाबून धरला होता. लेमिन्स्टरच्या जत्रेला ती न विचारता सायकलवर गेली, एवढंच कारण. चुगली केली होती धाकट्या भावानं, क्लेमनं. तो तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि बाप हात दाबून धरत असताना दाराला पाठ लावून उभा होता. आई बाहेर कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. हात थोडा भरल्यावर लगेचच एव्हिसनं घर सोडलं. सायकल तेवढी बरोबर नेली.

हे सगळं मला तिनंच सांगितलं, कांदे निवडता निवडता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. ऑर्लकोट गावातलं दुकान आम्ही नवराबायकोनं चालवायला घेतलं तेव्हा ती चाळिशीच्या आतबाहेर होती आणि लेमिन्स्टरला एका खाटकाकडे कामाला होती. आधी सायकलवरून घरोघर मांस पोचवायची, मग मांसातून हाडं काढायला बसली ती तीस वर्षं. बुटकी, रुंद खांद्यांची, मनगटं पुरुषासारखी. लग्न केलं नाही. मला ती पोरी म्हणायची, आणि माझे केस पांढरे झाल्यावरही म्हणत राहिली.

रविवारी मात्र ती सायकलवर असायची. खाटकाकडचं काम कायमचं सुटल्यावर तिनं एक रस्ता आखला. अठ्ठावीस मैलांचा, काळ्या लाकडांच्या आणि पांढऱ्या भिंतींच्या सात गावांतून जाणारा, सफरचंदाच्या बागांच्या कडेनं, चढ शक्य तितके टाळून. कुठल्या चर्चच्या आवारात पाणी मिळतं, कुठे चहाबरोबर केक ताजा असतो, कुठल्या उतारावर खडी आहे, सगळं तिनं स्वतःच्या हातानं नकाशात भरलं. नकाशाच्या प्रती आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी असायच्या. बर्मिंगहॅमहून, ब्रिस्टलहून माणसं यायची. तिच्याबरोबर नेहमी असायचा बर्नार्ड ॲपर्ली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, विधुर, उंच आणि वाकलेला. दोघांमध्ये काय होतं ते गावानं कधी विचारलं नाही. रविवारी संध्याकाळी ती त्याच्याकडे जेवायची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

अडचण एकाच तुकड्याची होती. सहावं गाव सोडल्यावर वाट पूल फार्ममधून जायची. घोड्यांना आणि सायकलींना कायद्यानं मोकळी असलेली जुनी घोडवाट, पण ती थेट प्रॉसरांच्या गोठ्यासमोरून. बाप कधीच मेला होता. शेत क्लेमकडे होतं. एकटाच राहायचा, बाजाराच्या दिवशी दारू प्यायचा, आणि बहिणीशी चाळीसहून जास्त वर्षं बोललेला नव्हता. बोलला तो दुकानात, माझ्या समोर. नकाशाची एक प्रत उचलून त्यानं विचारलं, ही तुझीच ना.

"माझी. मग?"

"माझ्या अंगणातून तुझे रंगीत सायकलवाले पोपट फिरवू नकोस."

"अंगण तुझं. वाट तुझी नाही."

त्यानं नकाशा चुरगळून तिच्या छातीवर फेकला आणि निघून गेला. तिनं तो उचलला, सरळ केला आणि परत गठ्ठ्यात ठेवला.

मग एक एक सुरू झालं. वाटेवर गुडघाभर पातळ शेण ओतलं. फाटकाला साखळी घातली. तिनं लोखंड कापायचा चिमटा आणून साखळी तोडली आणि तुकडे त्याच्या पायरीवर ठेवले. काउंटीच्या कचेरीतून माणूस येऊन वाट मोकळीच आहे असं लिहून देऊन गेला. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये क्लेमनं कुत्रा सोडला. वासराएवढं धूड होतं. त्यानं एव्हिसची पोटरी धरली आणि सोडेना. तिनं सायकलचा पंप काढून त्याच्या डोक्यात घालायला सुरुवात केली आणि कुत्रा पडेपर्यंत थांबली नाही. क्लेम ट्रॅक्टरवर बसून पाहत होता. खाली उतरला तो कुत्र्यापाशी जाऊन चिखलात बसला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडला. ती रक्ताळलेल्या पायानं तिथेच उभी.

"इतका मार खाल्ला आम्ही दोघांनी," ती मला नंतर म्हणाली, "पण त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. कुत्र्यासाठी." पायाला एकोणीस टाके पडले होते. तिला वाईट वाटत होतं ते कुत्र्याचं. बर्नार्डनं तेव्हाच हात जोडले होते, तेवढा तुकडा सोड, मोठ्या रस्त्यानं वळसा घाल. ती ऐकेना. वाटेसाठी भांडते आहे असं ती म्हणायची. मला ते पूर्ण खरं वाटलं नाही, आणि तसं मी तिला सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सातजण निघाले होते. एव्हिस नेहमी सगळ्यांच्या पुढे असायची. त्या दिवशी पूल फार्मच्या अलीकडे तिची साखळी उतरली. ती खाली वाकून साखळी चढवत होती, तर बर्नार्ड थांबला नाही. म्हणाला, मी पुढे होऊन फाटक उघडतो. वळणाच्या पलीकडे दोन झाडांच्या मध्ये तार ताणून बांधलेली होती. सावलीत ती दिसलीच नाही. उतारावर सायकल वेगात होती. तार त्याच्या गळ्याखालच्या आडव्या हाडांवर बसली. दोन्ही हाडं मोडली, मांस उघडं पडलं, आणि तो मागच्या मागे दगडांवर आपटला.

एव्हिसनं स्वतःचा कोट त्याच्या जखमेवर दाबून धरला. पाऊण तासानं हेलिकॉप्टर आलं. ते उडाल्यावर तिनं एक गोष्ट केली, बरोबरच्या सगळ्यांनी ती पाहिली. स्वतःची सायकल तारेखाली नेली, सीटवर बसली, पाय टेकले. तार बरोबर तिच्या गळ्याशी येत होती. बर्नार्ड तिच्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून जिवंत राहिला.

कुणी पोलिसांना फोन करत होतं. ती चालत शेताकडे गेली.

क्लेम रसाच्या चरकापाशी होता. सफरचंदांची पोती रिकामी करत होता, हंगामच तो. भिंतीला खुंट ठोकायची लाकडी मोगरी टेकवलेली होती. एव्हिसनं ती हातात घेतली आणि विचारलं.

"तार कुणासाठी होती?"

"गुरं जातात त्या बाजूला."

"क्लेम."

"तूच पुढे असतेस ना," तो म्हणाला. "दर वेळी तूच असतेस पुढे."

त्यानंतरचं न्यायालयात दोघांनीही सांगितलं, आणि गंमत अशी की दोघांच्या सांगण्यात तफावत नव्हती. पहिला ठोसा क्लेमनं मारला. तिचे समोरचे तीन दात गेले. मग ती त्याच्यावर कोसळली. बासष्ट आणि सहासष्ट वर्षांची ती बहीणभावंडं सफरचंदांच्या चोथ्यात लोळत एकमेकांना मारत होती. तिनं त्याचं उजवं मनगट चरकाच्या दगडी काठावर दाबलं आणि मोगरी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. हाताचं पीठ झालं. मग तिनं मोगरी त्याच्या डोक्यावर उगारली. त्यानं डोळे मिटले.

दांडा जुना होता. ठोकळा वरच्या वर निसटला आणि मागे सफरचंदांत जाऊन पडला. तिच्या हातात नुसती काठी राहिली. त्या काठीनंही तिनं दोन फटके मारले. मग दम संपला. पोलीस आले तेव्हा दोघं एकाच भिंतीला टेकून बसली होती, मध्ये हातभर अंतर.

तिच्या वकिलानं तिला परोपरीनं सांगितलं: तुम्ही भानावर आलात आणि स्वतःहून थांबलात, एवढंच म्हणा. मीही सांगितलं. आयुष्यभराचा मार, तो भाजलेला हात, कुत्रा, तार. न्यायाधीशही माणूसच आहे. तिनं ऐकून घेतलं. आणि न्यायालयात उभी राहिल्यावर म्हणाली, "मी थांबले नाही. ठोकळा निसटला. निसटला नसता तर तो मेला असता."

क्लेमला साडेचार वर्षांची शिक्षा झाली, तिला दोन. निम्मी भोगून ती सुटली. आत तिला स्वयंपाकघरात ठेवलं होतं, पण सुरीला हात लावू देत नसत. याचं तिला फार हसू यायचं. कवळीनं तिचं हसणं बदललं होतं.

मी भेटायला जायची तेव्हा ती एकच विचारायची, बर्नार्ड कसा आहे. बर्नार्डच्या उजव्या हाताचा मज्जातंतू तुटला होता. चमचा धरता यायचा, ऑर्गन नाही. चर्चमध्ये दुसरा माणूस आला. बर्नार्ड मागच्या बाकावर बसायचा आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत उठून जायचा. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दारात गेली. मी रस्त्यावर गाडीत होते, काच खाली. त्यानं दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"मी हेलिकॉप्टरमध्ये होतो," तो म्हणाला. "तू मोगरी शोधत होतीस."

"त्यानं तुला..."

"मला माहीत आहे त्यानं काय केलं. मला तू हवी होतीस, एव्हिस. माझ्याबरोबर."

त्यानं दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, चल पोरी. घरी पोचेपर्यंत दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसली होती. बापाचं घर तिनं सोडलं होतं, पण त्या घरातलं काय बरोबर आणलं ते तिला त्या दिवशी कळलं असं मला वाटतं. ती स्वतः हे कधी म्हणाली नाही.

बर्नार्ड दोन वर्षांनी मुलीकडे यॉर्कला गेला. जाताना निरोप घ्यायला दुकानात आला, तिच्याकडे गेला नाही.

क्लेम सुटून आला तेव्हा गुरं विकली गेली होती. बागा एका शेजाऱ्यानं कसायला घेतल्या. एका हातानं तो कोंबड्या पाळतो. मध्यंतरी त्याला न्यूमोनिया झाला तेव्हा एव्हिस तीन दिवस शेतावर जाऊन कोंबड्यांना पाणी ठेवून आली. घरात पाऊल टाकलं नाही. चौथ्या दिवशी तो उठला आणि खिडकीतून तिला म्हणाला, उद्या नको येऊस. ती म्हणाली, नाही येत. त्यानंतर दोघांत बोलणं झालेलं मला माहीत नाही.

नकाशा तिनं नव्यानं काढला. रस्ता आता एकतीस मैलांचा आहे; सहाव्या गावानंतर मोठ्या रस्त्यानं वळसा घालून, पूल फार्म टाळून जातो. घोडवाट कायद्यानं आजही मोकळी आहे, लोक विचारतात की जवळची वाट का सोडली. ती सांगते, तिकडे चढ आहे. तिकडे मुळीच चढ नाही.