जावयाच्या दारातले नवे जाळे

दिनकररावांची नि माझी पहिली भेट सत्तरच्या दशकाच्या आरंभी अकोले तालुक्यातल्या एका तळ्याच्या काठावर झाली. मत्स्यविकासाच्या नोकरीत मी नुकताच रुजू झालो होतो, ते माझे वरिष्ठ. मी नमस्कार केला, त्यांनी विचारले, “दुसऱ्या तळ्यावरून आलात ना? मग आधी पाय धुवा, तेही पाण्यापासून लांब.” साहेब तिरसट दिसतात, असे मनात म्हणत मी पाय धुतले.

त्या उन्हाळ्यात खालच्या गावच्या तळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, मेलेले मासे काठाला लागू लागले. पिकावरचे कीटकनाशक ओतावे, असे काही जण म्हणू लागले. दिनकरराव रागावले की त्यांचा आवाज उलट खाली येई. “गुरं हेच पाणी पितात,” एवढेच ते म्हणाले. मेलेले मासे चुना घालून लांब पुरायचे आणि एका तळ्याचे जाळे उन्हात कडक वाळवल्याशिवाय दुसऱ्यात टाकायचे नाही, हा त्यांचा उपाय.

घोडे अडले ते जाळ्यापाशी. वरच्या गावच्या धोंडिबांचे तळे अजून निरोगी होते आणि घराची सारी भिस्त त्यावर होती. आजारी तळे त्यांच्या जावयाचे. मेलेले मासे काढायला तो सासऱ्याचे जाळे नेई आणि तेच ओले जाळे पुन्हा धोंडिबांच्या तळ्यात पडे. “देऊ नका,” असे मी सांगताच धोंडिबांचे डोळे भरून आले. “जावयाला न्हाई कसं म्हनू, साहेब? माझी लेक नांदती तिथं.”

मी हे दिनकररावांच्या कानावर घातले. दिनकरराव एसटीने संगमनेरला गेले आणि पदरमोड करून आणलेले नवे जाळे घेऊन थेट जावयाच्या दारात उभे राहिले. घरच्या सर्वांदेखत म्हणाले, “तुमच्या सासऱ्यांनी पाठवलंय. हे आता तुमच्याच तळ्यासाठी.” मग विजार दुमडून त्याच्याबरोबर पाण्यात उतरले.

धोंडिबांचे तळे वाचले. पुढे कोकणात कोळंबीच्या तळ्यांवर रोग आले, तेव्हाही दिनकररावांनी विषारी औषधांना हात न लावता तळे वाळवणे, चुना टाकणे आणि जाळी वेगळी ठेवणे हेच शिकवले. ऐकणारे कंटाळत, सांगणारे कधी कंटाळले नाहीत.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ही हकिगत लिहू का, असे मी धोंडिबांच्या लेकीला विचारायला गेलो. धोंडिबा आता नाहीत, तीही थकली आहे. म्हणाली, “जाळं कुनी आनलं, ते बापानं जाताना मला खरं सांगितलं हुतं. सासरी मी कुनाला बोलले न्हाई. त्या जाळ्यापाई माझी मान कदी खाली गेली न्हाई. आता लिवा. आन् साहेबास्नी म्हनावं, माझं उरलेलं आयुष्य तुमाला लाभू दे.”

दिनकररावांना निरोगी, दीर्घ आयुष्य चिंतताना मी तिचेच शब्द त्यांच्यापुढे ठेवतो.